पहिली ट्रायथलॉन: सायकल कुठली घेऊ त्याच्या आधी पाण्याचं बघा

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचं वय ३६, कुपवाड एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, सकाळी पाच-सहा किलोमीटर पळता, सायकल सध्या नाही, लहानपणी सांगलीत कृष्णेत पोहायचात, आणि पुढच्या वर्षी गोव्याची ७०.३, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ असलेली लांब ट्रायथलॉन, करायची मनात आहे. बजेट ८०-९० हजार. तुम्ही विचारलंय की सेकंडहँड कार्बन सायकल घेऊ का नवी अलॉयची (ॲल्युमिनियमची), वेटसूट (पोहताना अंग गरम ठेवणारा रबरी सूट) लागेल का आणि घड्याळ कुठलं घेऊ. अख्ख्या प्रश्नात पोहण्याबद्दल तीनच शब्द आहेत, "पोहायला तर येतंच". मला त्या तीन शब्दांवरच जास्त बोलायचंय.

मी मूळचा मिरजेचा, आता पुण्यात असतो, आणि गेली नऊ वर्षं नवीन लोकांना ट्रायथलॉनसाठी तयार करतोय. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, वय ४४, पळायला मजबूत, त्यांनी आधीच दोन लाखांच्या वरची कार्बन सायकल घेतलेली. पोहण्याचा विषय काढला की म्हणायचे मी विहिरीत सूर मारणारा माणूस, ते होऊन जाईल. टँकवर यायचा कंटाळा करायचे आणि रविवारी शंभर किलोमीटर सायकल मारायचे. रेसच्या दिवशी १.९ किलोमीटर पोहून बाहेर आले तेव्हा घड्याळात १ तास १४ मिनिटं झाली होती, पोहण्याचा कट-ऑफ (त्याच्या पुढं गेलात तर रेसमधून बाद) १ तास १० मिनिटं. पायाला बांधलेली वेळ मोजायची चिप काढून घेतली. मी त्यांच्याबरोबर ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे सायकली ठेवतात त्या जागेत, गेलो, तर सगळे रॅक रिकामे आणि ह्यांची सायकल एकटी तिथं टांगलेली, हँडलवर हेल्मेट उलटं ठेवलेलं, त्यात चष्मा आणि दोन चिक्क्या, सगळं जसंच्या तसं. वर्षभराची मेहनत चार मिनिटांनी गेली. मी त्यांना टँकवर यायला पुरेसं ठामपणे सांगितलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून आता प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो.

आता आकड्यांत बघू, कारण आकडे बघितले की सायकलचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. ७०.३ म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं, सगळं मिळून मैलांत ७०.३ आणि किलोमीटरमध्ये ११३. नेहमीची वेळमर्यादा अशी की पोहणं १ तास १० मिनिटांत, स्टार्टपासून सायकल संपेपर्यंत साडेपाच तास आणि सगळं मिळून साडेआठ तास. (ज्या रेसला नाव द्याल तिचं माहितीपत्रक वाचाच, प्रत्येक रेसचं थोडं वेगळं असू शकतं.) समजा तुम्ही तासाभरात पाण्याबाहेर आलात, कपडे-शूजमध्ये १० मिनिटं गेली, तर सायकलला ४ तास २० मिनिटं उरतात. म्हणजे ताशी २१ किलोमीटरच्या आसपास. एवढा स्पीड चांगल्या हायब्रिडवरही निघतो हो, सहा महिने नेमानं चालवली तर. आणि पळायला तीन तास, म्हणजे किलोमीटरला साडेआठ मिनिटं, त्यात मध्ये मध्ये चाललं तरी बसतं. पोहण्यात मात्र ७० मिनिटांत १९०० मीटर म्हणजे दर १०० मीटरला ३ मिनिटं ४० सेकंद, आणि समुद्रात कुणी सरळ रेषेत पोहत नाही, १९०० चे २१०० कधी होतात कळत नाही. त्यामुळे टँकमध्ये १०० मीटरला तीन मिनिटं किंवा त्याच्या आत, आणि तेही न थांबता सलग, असं जमायला पाहिजे. शिवाय सायकलवर दम लागला तर पाय टेकता येतो, पळताना चालता येतं, पाण्यात टेकायला काही नाही.

कृष्णेत पोहलेल्या माणसाचं काय असतं ते मी माझ्यावरून सांगतो, मीही तिथलाच. पाठीला डबा नाहीतर ट्यूब बांधून शिकलो, घाटावरून उड्या मारल्या, त्यामुळे पाण्याची भीती नाही. ही फार मोठी पुंजी आहे, पुण्यात टँकवर शिकलेल्यांना ती वर्षभर लागून कमवावी लागते. पण आपण सगळे डोकं वर काढून पोहतो. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, तराजूच्या पारड्यासारखं, आणि मग तुम्ही पाण्यातून सरकत नाही, अख्खं शरीर तिरकं धरून पाणी ढकलत जाता. ५० मीटर कसंही निघतं, १९०० निघत नाही. आणि पळणाऱ्यांचे घोटे कडक असतात, त्यांनी कितीही जोरात पाय मारले तरी पुढं जाणं थोडं आणि दम जास्त असं होतं, म्हणून पाय हलकेच मारायचे, फक्त तरंगते ठेवण्यापुरते.

दुसरी गोष्ट श्वासाची, आणि नवख्यांची गाडी जास्त करून इथंच अडते. लोक तोंड पाण्यात घातलं की श्वास रोखून धरतात, मग तोंड बाहेर काढलं की त्या अर्ध्या सेकंदात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा अशी दोन कामं करायला बघतात. ती होत नाहीत. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि "दम कोंडला" ही जी घाबरगुंडी असते ती मुख्यतः त्यानं होते, ऑक्सिजन संपल्यानं नव्हे. उपाय साधा आहे पण रोज करावा लागतो. कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून उभे राहा, तोंड पाण्यात घाला आणि नाकातून "हूं" असा आवाज काढत हळूहळू बुडबुडे सोडत राहा. मग डोकं वर न उचलता कुशीवर वळल्यासारखं बाजूला वळवा, गॉगलची एक काच पाण्यात राहिली पाहिजे आणि एक बाहेर, तोंडाच्या कोपऱ्यातून श्वास घ्या आणि परत आत. रोज दहा मिनिटं, पहिले दोन आठवडे. टँकवरची लहान पोरं बघतील, बघू देत. माझ्याकडे ज्यांनी हे मन लावून केलं त्यांचं २५ मीटरवरून ४०० मीटर दोन-अडीच महिन्यांत झालं, आणि जे हे टाळून डायरेक्ट लांब पोहायला गेले ते सहा महिन्यांनीही प्रत्येक कठड्याला थांबत होते.

तर पैशातला पहिला खर्च सायकलवर नको, शिकवणाऱ्यावर करा. तीन महिने आठवड्यातून तीनदा, असा कोच जो काठावरून नुसता "हात लांब टाक" असं न ओरडता तुमचा व्हिडिओ काढून दाखवेल. आपण पाण्यात काय करतो ते आपल्याला आतून कळतच नाही, मला स्वतःला वाटायचं माझं डोकं खाली आहे, व्हिडिओत बघितलं तर हनुवटी पाण्याबाहेर.

उघड्या पाण्याचा सराव लागतोच, पण हात जोडून सांगतो, त्यासाठी कृष्णेत उतरू नका. आपल्या लहानपणीची गोष्ट वेगळी होती. आता सांगलीच्या आसपास मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल, शिवाय पावसाळ्यात ओढ. कोल्हापूर तुमच्यापासून तासा-दीड तासावर, तिथं राजाराम तलावावर ट्रायथलॉन झालेल्या आहेत, त्यामुळे तिथले पोहणारे ग्रुप शोधा आणि त्यांच्याबरोबरच जा. एकट्यानं कधीही नाही, कमरेला केशरी बॉय (लांबून दिसणारा तरंगता फुगा) बांधल्याशिवाय नाही. तिथं मुद्दाम एक गोष्ट शिका, दर सात-आठ हातांनी डोळे फक्त पाण्याच्या वर काढून समोरची खूण बघायची आणि त्याच दमात बाजूला वळून श्वास घ्यायचा. पाण्याखाली टँकसारखी काळी पट्टी नसते, आणि प्रत्येक माणूस नकळत एका बाजूला ओढला जातो.

घाबरायला होईल हेही आधीच सांगून ठेवतो. माझ्या पहिल्या समुद्रातल्या रेसमध्ये पहिल्या दोनशे मीटरमध्येच कुणाचा तरी पाय लागून गॉगल निघाला, नाकात खारं पाणी, छाती धडधडायला लागली. मी उताणा झालो, आकाशाकडे बघत तीस श्वास मोजले, मग कयाकवाल्याला हात केला आणि त्याच्या कयाकला धरून गॉगल नीट बसवला. कयाक धरणं नियमात बसतं, फक्त तिला धरून पुढं सरकायचं नाही. तीन मिनिटं गेली, रेस पूर्ण झाली. म्हणून उताणं तरंगणं हा तुमच्या सरावाचा भाग ठेवा, दर वेळी टँकमधून बाहेर यायच्या आधी दोन मिनिटं.

याला जोडूनच डॉक्टरचं. अमेरिकेतल्या १९८५ ते २०१६ पर्यंतच्या ट्रायथलॉनमधल्या अचानक मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास झालाय, एकूण १२० घटना होत्या आणि त्यातल्या ९० पोहताना घडलेल्या, बहुतेक पुरुष, सरासरी वय ४६ च्या पुढं. लाखो लोक ह्या रेस करतात, त्या मानानं आकडा छोटाच आहे, घाबरवायचं नाहीये मला. पण तुमच्या घरात कुणाला लवकर हार्टचा त्रास झाला असेल, बीपी असेल, पळताना कधी छातीत दाटून आलं असेल, तर नाव नोंदवायच्या आधी डॉक्टरला दाखवा. काही त्रास नसला तरी एकदा ईसीजी आणि बीपी बघून घ्यायला काय जातंय.

आता सायकल. इथं बरंच तुमच्यावर अवलंबून आहे आणि तुम्ही उंची लिहिलेली नाही, तीच सगळ्यात महत्त्वाची. चुकीच्या साइजची महाग सायकल ही योग्य साइजच्या साध्या सायकलपेक्षा वाईट, ९० किलोमीटरला मान आणि कंबर सांगते. माझं मत, सेकंडहँड कार्बन पहिल्या सायकलसाठी नको. कार्बनला आतून चीर गेलेली असली तर ती डोळ्याला दिसत नाही आणि नवख्याला तर नाहीच नाही. अलॉयची रोड बाइक, नवी किंवा ओळखीच्यानं नीट वापरलेली, टायर २८ एमएमचे बसत असतील तर उत्तम, आपले रस्ते बघता. बजेट ओढाताणीचं होत असेल तर हायब्रिड (सरळ हँडलची साधी सायकल) घ्या, काही बिघडत नाही, वरचा हिशोब बघितलात ना. फक्त फिटिंगला, म्हणजे सीट-हँडल तुमच्या मापाला बसवून घ्यायला, दोन-चार हजार बाजूला ठेवा. घरी एक अंदाज घेता येतो, सीटवर बसून टाच पेडलवर ठेवायची, पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ व्हायला पाहिजे, मग चवडा ठेवला की आपोआप थोडा वाकतो. सीट खूप खाली ठेवून चालवणारे गुडघे दुखतात म्हणून येतात आणि त्यांना वाटतं ट्रेनिंग जास्त झालं. क्लिपवाले शूज (पेडलला अडकणारे) पहिल्या चार महिन्यांत नकोत, आधी गिअर, वळण, एका हातानं बाटली काढून पिणं हे अंगवळणी पडू दे. गिअर हलका ठेवून मिनिटाला ८०-९० पेडल मारायची सवय लावा, जड गिअर रेटत बसलात की पळायला पाय उरत नाहीत.

पंक्चर स्वतः काढता आलंच पाहिजे. आपल्याकडे बाभळीचा काटा, आणि त्यात सगळे एकच चूक करतात, ट्यूब बदलतात पण काटा टायरमध्येच राहतो आणि दोन किलोमीटरवर दुसरी ट्यूबही जाते. जुनी ट्यूब काढली की टायरच्या आतून बोट हळूहळू पूर्ण गोल फिरवा, काटा बोटाला लागेल, तो काढा आणि मगच नवी ट्यूब. घरी अंगणात दहा वेळा करा, मागच्या चाकाचं खास, कारण चेन मध्ये येते.

आणि तुमच्या भागात सगळ्यात मोठा धोका उसाचा. सीझन सुरू झाला की पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस बाजूला फूटभर बाहेर आलेला. ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत उजाडल्याशिवाय मोठ्या रस्त्याला जाऊच नका. पुढं-मागं लाइट, हेल्मेट ही सायकलच्या आधी घ्यायची वस्तू. दंडोबाच्या बाजूला चढही मिळतो आणि गाड्याही कमी. लांब राइड रविवारी, सुरुवात २५ किलोमीटरनं आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढवत, तीन आठवडे वाढवली की चौथ्या आठवड्यात कमी.

पळण्याबद्दल मला फार सांगायचं नाही, तुमचं ते चालू आहे. फक्त सायकलवरून उतरल्या उतरल्या पळायची सवय करा, याला ब्रिक म्हणतात, पहिल्यांदा पाय दुसऱ्याचेच वाटतात. आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच १५ मिनिटं, बास. पहिला किलोमीटर मुद्दाम हळू.

खाणं मात्र शिकावं लागतं, कारण गोव्याच्या उन्हात नुसत्या पाण्यावर काम होत नाही, नुसतं पाणी पीत राहिलात तर अंगातलं मीठ पातळ होऊन उलट धोका. सायकलवर तासाला ४०-५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला पाहिजेत. त्यासाठी महागड्या जेलच्या मागं लागू नका. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम, आणि आपल्या तासगाव-सांगलीचे बेदाणे, ३० ग्रॅमच्या मुठीत साधारण २३ ग्रॅम, खिशात वितळत नाहीत, चावायला सोपे. सोबत बाटलीत लिंबू-साखर-मीठ. पण हे सगळं रविवारच्या राइडला खाऊन बघायचं, कुणाला बेदाण्यानं पोट गच्च होतं, त्यांनी चिक्की किंवा खजूर बघावा. रेसच्या दिवशी नवीन काहीही नाही.

वेटसूट नको. गोव्याचं पाणी कोमट असतं आणि पाणी साडेचोवीस डिग्रीच्या वर असलं की वेटसूट घालून बक्षिसासाठी उतरताच येत नाही, शिवाय त्या पाण्यात अंगाची भट्टी होईल. त्याऐवजी ट्रायसूट घ्या, पोहण्यापासून पळण्यापर्यंत तोच अंगावर राहतो. गॉगल दोन, एक काळसर आणि एक पांढरा, आणि मानेला, काखेत, मांड्यांना व्हॅसलिन, खाऱ्या पाण्यानं घासलं की पुढचे सहा तास आग होते. घड्याळ कुठलंही जीपीएसचं चालेल, पहिले सहा महिने साधं स्टॉपवॉच असलं तरी पुरेल. नियमांमधला एक आत्ताच डोक्यात बसवा, हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय रॅकवरच्या सायकलला हात लावायचा नाही आणि परत आल्यावर सायकल रॅकला अडकवल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. घाईत सगळे इथंच चुकतात.

म्हणजे तुमच्या ८५ हजारांचं मी काय करीन, तर १५ हजार पोहण्याच्या कोच-टँकला, ५० च्या आत सायकल, पाच-सहा हेल्मेट-लाइट-पंप-ट्यूबला, चार ट्रायसूटला, तीन फिटिंगला, आणि उरलेलं चांगल्या पळायच्या शूजसाठी ठेवीन. रेसची फी कमी नसते, ती आणि जाणं-येणं ह्यात बसणार नाही, ते वेगळं धरा.

राहिला प्रश्न पुढच्या वर्षी ७०.३ होईल का. होऊ शकते, पण पहिली रेस ती नको. आधी एक स्प्रिंट करा, ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटर, किंवा जमलं तर ऑलिम्पिक, १५०० मीटर, ४० आणि १०. आठवड्याला सहा तास स्प्रिंटला पुरतात, ७०.३ ला शेवटचे चार महिने आठ-दहा तास लागतात. तुमची शिफ्ट आहे, तेव्हा नाइटच्या आठवड्यात सायकल आणि पळणं कमी करा, फक्त पोहणं चालू ठेवा, अर्धवट झोपेत रस्त्यावर सायकल नको. घरच्यांशीही आत्ताच बोला. रविवारची सकाळ वर्षभर जाणार आहे, पोरं लहान असतील तर वहिनींवर सगळं पडणार, ते त्यांनी आधी "हो" म्हटलेलं असू दे. माझ्याकडचे जे मध्येच सोडून गेले त्यातले बरेचसे दमून गेलेले नव्हते, घरात न बोलता सुरू केलं होतं.

तर सायकलच्या दुकानात जायच्या आधी एक काम करा. ह्या आठवड्यात टँकवर जा, दहा मिनिटं हलकं पोहून घ्या, मग १०० मीटर तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं पोहा आणि वेळ लिहा, मध्ये किती वेळा थांबलात तेही लिहा, आणि कुणाला तरी काठावरून २५ मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा, बाजूनं. तो आकडा आणि तुमची उंची इथं टाका, त्यावरून पहिली रेस कुठल्या महिन्यात बघायची आणि सायकल कुठल्या साइजची, दोन्ही सांगतो.